मोंबासा पाहून आलेला पंखा

मी एक जुना पंखा आहे. थांबा, मित्रांनो, छताकडे बघू नका! मी वारा देत नाही. मी तळहातात मावणारा, काळ्या रबराचा पंखा. माझी जागा बोटीच्या इंजिनात, अगदी खालच्या टोकाला. मी फिरलो की नदीचं पाणी आत ओढलं जातं आणि तापलेलं इंजिन थंड राहतं. मला सहा पाकळ्या होत्या. आता दोनच धड उरल्या आहेत.

आधीच कबूल करतो, मी भित्रा आहे. माणसं पाण्याला भितात, मी कोरडेपणाला भितो. पाण्यात मला वर्षानुवर्षं फिरवा, माझी तक्रार नाही. पण पाण्याशिवाय दोन मिनिटं जरी फिरवलंत, तरी मी घासून घासून जळतो. ही भीती मला जन्मापासून आहे.

जन्म जपानचा. साच्यातून निघालो तो थेट इंजिनात बसलो आणि इंजिनाबरोबर मोहन्याला, उल्हास नदीवर, दौलतच्या बोटीला येऊन लागलो. दौलत मासे धरायचा, कधी लोकांना पलीकडे सोडायचा. इंजिन सुरू झालं की मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार पडते. ती दिसली की समजायचं, आतला पंखा ठीक आहे. दौलतची बायको आवडाबाई काठावरून रोज विचारायची, "धार पडली का?" माझी विचारपूस करणारी तेवढी एकच. बाकी सगळं कौतुक इंजिनाचं व्हायचं. मला त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांपूर्वी जुलैत नदी काठच्या गल्लीत शिरली. सगळ्यात खालच्या घरात भाऊ आणि त्यांची बायको मंदाकिनीबाई अडकले होते. भाऊ कारखान्यातून निवृत्त झालेले, मंदाकिनीबाईंचे गुडघे दुखरे. पाणी ओट्यावरून खिडकीपर्यंत आलं. गल्लीत बोट एकच होती, दौलतची. गढूळ पाण्यातली वाळू माझ्या अंगाला ओरबाडत होती, तरी मी फिरत राहिलो. दोघं सुखरूप बाहेर आले.

त्या उपकाराची फेड म्हणून भाऊंनी दसऱ्याला काय केलं, ऐका. झेंडूचा भलाथोरला हार घेऊन ते नदीवर आले. बोट काठावर ओढून ठेवलेली होती. भाऊंनी इंजिनाला हळद-कुंकू लावलं, हार घातला आणि म्हणाले, "दौलत, आता चालू कर. आमच्या कारखान्यात पूजा झाली की मशीन चालवून दाखवायचोच."

दौलत चाचरला. "भाऊ, आधी पान्यात नेऊ का?"

"अरे, हार भिजेल ना! एकच मिनिट."

वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? दौलतने दोरी ओढली. मी फिरलो. पाणी नव्हतं! भाऊंना फोटो हवा होता, मग हार सरळ करून दुसरा हवा होता. मी आत ओरडत होतो, पण रबराचं ओरडणं कुणाला ऐकू जाणार? आवडाबाईचं लक्ष गेलं. "अगं बाई, धार कुठंय? बंद करा!" तोवर माझ्या चार पाकळ्या गेल्या होत्या.

इंजिन जुनं, त्याचे भाग इथे येणं कधीच बंद झालेलं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुकानदारांनी माना हलवल्या. पुढचा पावसाळा आला नि गेला; त्या वर्षी नदी गल्लीत आली नाही, एवढंच नशीब. पण पुढच्या वर्षी आली तर? बोट नुसती बांधून ठेवलेली. भाऊंना त्या विचाराने झोप लागेना. मग यंदा मेमध्ये त्यांच्या मुलीला, कोपरला राहणाऱ्या नीरजाला, ऑफिसच्या कामासाठी आफ्रिकेतल्या मोंबासाला जायचं निघालं. तिथल्या कोळ्यांकडे अजून अशी इंजिनं आहेत, असं दौलतला कुणीतरी सांगितलं होतं.

"ताई, पंखा आण, दुसरं काय नको," असं म्हणून दौलतने मला नमुना म्हणून तिच्या हातात ठेवलं.

भाऊ हळूच म्हणाले, "नीरू, जुना टाकू नकोस. परत आण. माझ्या हातून जळलाय तो."

त्यांच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला नाही. नवा मिळाल्यावर जळका कोण सांभाळतो?

मोंबासात काम संपल्यावर नीरजाकडे एकच दुपार उरली होती. पर्सच्या कोरड्या अंधारात मी थरथरत होतो. पहिल्या दुकानात ती चुकून मराठीतच बोलून गेली, "पंखा." दुकानदार हसला. "पंका? आहे की!" त्याने छताचा भलामोठा पंखा काढून दिला. त्यांच्या भाषेतही पंख्याला पंका म्हणतात, आता बोला! दुसऱ्याने बोटीला पुढे ढकलणारा पितळी पंखा दाखवला. तिसऱ्याकडे माझ्यासारखा होता, पण मापाने मोठा. मग गल्ल्या अरुंद होत गेल्या, फोन बंद पडला आणि नीरजा रस्ता चुकली. तिने मला पर्समधून काढून मुठीत घट्ट धरलं. तिची मूठ घामाने भिजली होती. ती माझ्याइतकीच घाबरली होती, आणि तो ओलावा मला फार बरा वाटला.

बंदराजवळच्या शेवटच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने मला उलटसुलट फिरवलं, खोका उघडला आणि माझ्याच मापाचा, सहा पाकळ्यांचा नवा पंखा काढला. नीरजाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्याने मला सहज भंगाराच्या डब्यात टाकलं.

मित्रांनो, तेवढा मी आयुष्यात कधीच घाबरलो नव्हतो. वर गंजके नट, खाली काळं तेल, आणि नीरजाची पावलं दाराबाहेर गेली. माझं मोहने, माझी नदी, सगळं संपलं! मग पावलं थांबली. परत आली.

"तो जुना द्या," ती धापा टाकत म्हणाली. "माझ्या वडिलांनी मागितलाय."

आता माझ्या जागी नवा बसला आहे. मला भाऊंनी इंजिन सुरू करायच्या दोरीच्या मुठीला बांधलं आहे.

या जुलैत नदी पुन्हा गल्लीत आली. ओट्यावर माणसं ओरडत होती. बोट अजून काठावरच होती, दौलत तिचा दोर सोडत होता आणि घाबरलेल्या भाऊंनी धावत येऊन मूठ पकडली. त्यांच्या तळहातात मी आलो. माझ्या दोन पाकळ्या, चार खुंट. भाऊ थबकले. त्यांनी मूठ सोडली, बोटीला खांदा लावला आणि दौलतबरोबर तिला पाण्यात लोटलं. मगच दोरी ओढली.

म्हणून सांगतो, मित्रांनो, यंत्राला हार घाला, फोटोही काढा, पण त्याआधी त्याला काय हवंय ते विचारा. आणि तुमच्या हातून काही जळलंच, तर ते लपवू नका. हाताला लागेल असं बांधून ठेवा.

त्या दिवशी काठावरून आवडाबाई ओरडली, "धार पडली का?"

आणि बोटीतून भाऊंचा कापरा आवाज आला, "पडली गं, पडली!"