बावीस वर्षांतली सर्वोत्तम विद्यार्थिनी

कोनापुरे सरांची शिफारसपत्र देण्याची पद्धत साऱ्या कॉलेजला पाठ होती. विद्यार्थ्यानं दारात उभं राहायचं, सरांनी चष्म्यावरून बघायचं आणि म्हणायचं, "तूच लिहून आण, मी सही करतो." आता विद्यार्थी तरी कशाला डोकं शिणवतील? कुणा जुन्या बॅचनं इंग्रजीत एक झकास मजकूर करून ठेवला होता, तो व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढच्या बॅचकडे जायचा. नाव तेवढं बदलायचं. 'माझ्या बावीस वर्षांच्या अध्यापनात मी पाहिलेली ही सर्वोत्तम विद्यार्थिनी,' असं त्यात होतं. सरांची बावीस वर्षं गेली सहा वर्षं चालू होती.

भुवनेश्वरीनंही नाव बदललं, सही घेतली आणि अर्ज भरला. ती मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होती. पोलंडमधल्या एका विद्यापीठाशी कॉलेजचा करार झाला होता. एक सत्र तिथं शिकायचं, फी माफ, राहायची सोय त्यांची. जागा एक, अर्ज दोन. दुसरा अर्ज तिच्याच बाकावरच्या उत्कर्षाचा.

घरी मात्र दुसरा अर्ज कुणी जमेत धरलाच नव्हता. मंगळवार पेठेतल्या आपल्या भुसाराच्या दुकानात वडिलांनी, अप्पांनी, नवी मोठी बॅग रिकामीच काट्यावर ठेवून पाहिली होती. साडेचार किलो नुसती बॅगच जाते म्हणून बॅगवाल्याशी वाद घालून परतही केली होती. आईनं, अव्वानं, अक्कलकोटपर्यंतच्या सगळ्या पाहुण्यांना फोनवर पोलंड सांगून टाकलं होतं. कुणी विचारलं, "कुटं आलं ते?" तर ती बेधडक म्हणायची, "जर्मनीच्या पलीकडं. लांब हाय बघा." जर्मनी कुठं, हे कुणी विचारत नसे, ते तिच्या पथ्यावर पडत होतं.

गुरुवारी दुपारी सरांनी दोघींना बोलावलं. टेबलावर दोन पत्रं शेजारी शेजारी होती. सर घामाघूम.

"पोलंडहून मेल आलाय," सर म्हणाले. "त्यांनी विचारलंय, दोघी सर्वोत्तम कशा? उद्या पाचपर्यंत नवी पत्रं पाठवा म्हणतात. प्रत्येकीचं एक तरी उदाहरण हवं."

"मग सांगा की सर, कोण हाय सर्वोत्तम?" उत्कर्षानं विचारलं. ती मोहोळकडची. वडील चिंचोळी एमआयडीसीत कामाला, आणि भीती नावाचा प्रकार घरी ठेवून आलेली.

सरांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. दोन वर्षं शिकवलं होतं त्यांनी, पण तोंडं बघून नव्हे, फळ्याकडे तोंड करून.

"मला दोघी सारख्याच," ते म्हणाले, आणि मग त्यांना सुचलं. "असं करा, एकमेकींचं लिहा. स्वतःचं लिहिताना माणूस हात सैल सोडतो. मी सही करतो."

बाहेर आल्यावर उत्कर्षा म्हणाली, "चांगलं लिही हां. न्हायतर तुझ्या दुकानातली साखर बंद करीन."

"तू कुठं आमच्याकडून साखर घेतेस?"

"म्हणून तर म्हंते, बंद करायला सोपं जाईल."

भुवी हसली खरी, पण घरी येईपर्यंत हसू विरलं. लॅपटॉप उघडला. उत्कर्षाविषयी लिहायचं म्हणजे शोधावं लागणार नव्हतं, तीच तर अडचण होती. मे महिन्यात दह्याच्या नमुन्यांचा प्रयोग चालू असताना प्रयोगशाळेची वीज गेली होती. इन्क्युबेटरमध्ये सदतीस अंश हवेत, आणि सोलापूरच्या उन्हानं बंद पेटीसुद्धा तापत चाललेली. भुवी म्हणाली, गेला प्रयोग. उत्कर्षानं शिपायाकडून गोणपाट मागवलं, भिजवून पेटीभोवती गुंडाळलं, आत थर्मामीटर ठेवला आणि वीज येईपर्यंत दर अर्ध्या तासानं आकडा लिहीत, पाणी शिंपडत बसली. सहा तास. प्रयोग वाचला. पुढं त्याचंच स्पर्धेसाठी पोस्टर झालं, ते इंग्रजीतून भुवीनं मांडलं, आणि प्रमाणपत्रावर भुवीचं नाव आधी आलं.

हे लिहिलं, तर पोलंड उत्कर्षाचं. यात शंकेला जागाच नव्हती.

ती उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. मग लिहिलं: उत्कर्षा कष्टाळू आहे, वेळेवर येते, आज्ञाधारक आहे. वाचून पाहिलं. स्थळासाठी लिहिल्यासारखं वाटत होतं. पण खोटं एक अक्षर नव्हतं. उत्कर्षा आज्ञाधारक होती का, एवढाच काय तो प्रश्न.

"झालं का गं लिहून?" अव्वानं विचारलं.

"झालं."

"मग येरझारा कशाला घालतीस? फरशी झिजती."

उत्कर्षा काय लिहीत असेल? आपल्याविषयी तिलाही असंच काहीतरी कोरडं सुचत असेल का? दोन वर्षांत आपण तिला काय काय दाखवलं, याची उजळणी करताना भुवीला काही चांगलं आठवेना. तिनं दोनदा फोन हातात घेतला, दोनदा खाली ठेवला.

शुक्रवारी चार वाजता सरांच्या केबिनबाहेर उत्कर्षानं कागद पुढं केला. "वाच की. इंग्लिश चुकलं आसंल तर सांग."

इंग्रजी बरंच चुकलं होतं. पण लिहिलं होतं: वर्गात समजलं नाही हे सांगायची मला लाज वाटते, भुवनेश्वरीला वाटत नाही. तिच्या प्रश्नांमुळे मी पास होते. एकदा सरांचं द्रावण चुकलं होतं, तेव्हा सगळे गप्प होते, तिनं तोंडावर सांगितलं. काचेची भांडी धुवायचा मात्र तिला कंटाळा आहे.

भुवीनं ते दोनदा वाचलं.

"शेवटची ओळ काढू का?" उत्कर्षानं विचारलं. "खरी हाय, पण काढते."

"राहू दे."

"तुझं कुठाय?"

भुवीचा हात पिशवीत होता, कागदावर. "व्हायचंय अजून," ती म्हणाली, आणि प्रयोगशाळेतल्या संगणकाकडे जवळजवळ पळालीच.

गोणपाट, सहा तास, बारा आकडे. प्रमाणपत्रावर कुणाचं नाव आधी यायला हवं होतं, तेही. पावणेपाचला तिनं छापील कागद सरांपुढं ठेवला. सरांनी पेन उघडलं आणि प्रथमच न वाचता सही करायला विसरले.

"हे मे महिन्यातलं? मला कुणी बोललं नाही."

"तुम्ही सुट्टीवर होता, सर."

सरांनी दारातल्या उत्कर्षाकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. सही केली.

आंतरराष्ट्रीय कक्षातल्या मॅडमनी दोन्ही पत्रं स्कॅन केली आणि चार मिनिटं राखून मेल पाठवला. तो गेल्याचा टुंग आवाज आला तशी भुवी टेबलाजवळ सरकली.

"मॅडम, गेलेला मेल परत घेता येतो का?"

"का गं? चूक झाली?"

भुवीनं पिशवीतला कालचा कागद चुरगळला. "नाही. चूक नाही," ती म्हणाली. "तिसऱ्या वर्षाच्या मुलींना चालतं का हे? पुढचे अर्ज कधी असतात?"

"अगं, यंदाचा निकाल तरी लागू दे."

"तो मला माहीत आहे," भुवी म्हणाली. "तारीख सांगा."