तांदळात न उमटलेलं नाव

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत. कुणी जिभेवर घेतलं तरच मी हलतो. मी एक नाव आहे, आता तसं जुनंच. किरण म्हणतात मला.

मी संस्कृतातून आलो. माझा अर्थ उजेडाची रेघ. अंगणात मुलगा खेळतोय की मुलगी, हे बघून उजेड पडत नाही, म्हणून मलाही दोघांसाठी ठेवतात. जालना जिल्ह्यातल्या केदारखेड्यात मात्र मी जरा उशिराच पोहोचलो. तिथे रामकिसन, बद्रीनाथ, सोनूबाई अशी देवाधर्माची आणि आज्या-पणज्यांची नावं नांदत होती. पुढे लोकांना छोटी, शाळेत शोभतील अशी नावं हवीशी वाटू लागली आणि माझी चलती सुरू झाली. मास्तरांनी हजेरीला मला पुकारलं की दोन मुलगे आणि एक मुलगी एकदम "हजर" म्हणून ओरडायचे. तेव्हा मी भलताच फुगलो होतो.

त्या तिघांतली मुलगी म्हणजे बद्रीनाथची थोरली लेक. १९८१ साली ती पोटात असतानाच तिच्या आत्याने, धावड्याला दिलेल्या नंदाबाईने, मला पक्कं केलं होतं. "पोरगा होवो का पोरगी, नाव किरणच," असं तिने भावाला बजावलं होतं. बारशाला ती पाळण्यात वाकली, बाळाच्या कानात "कुर्र" केलं आणि त्याच कानात मला हळूच सोडलं. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. नंदाबाई हसून म्हणाली, "मारा किती मारायचं ते! म्या ठेवलेलं नाव हाय, पोरीला जल्मभर पुरंल."

त्या शब्दावर मी विसंबलो.

किरणने मला जपलं, खोटं कशाला बोलू! बद्रीनाथ शेतातून "किरण, बैल सोड!" अशी हाक मारायचा. बांधावरून जाणाऱ्या परक्या माणसाला वाटायचं, याचा मुलगा येईल. मग वेण्या उडवत ही धावत यायची आणि त्याचा चेहरा बघून खो खो हसायची. मलाही गंमत वाटायची.

ती एकोणीस वर्षांची झाली तेव्हा नंदाबाईनेच घनसावंगीचं स्थळ आणलं. ऊस होता, माणसं बरी होती. बघायच्या कार्यक्रमात मुलाचे वडील धर्मराज यांनी मुलीला नाव विचारलं. तिने सांगितलं. घरभर हशा पिकला. नवऱ्या मुलाचं नावही किरणच!

मीही हसलो. एकाच घरात दोनदा नांदायला मिळणार म्हणून मला हर्ष झाला होता. पण धर्मराज म्हणाले, "लग्नात बदलून टाकू. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतंय. मंग हिनं सोताचं नाव तरी कसं घ्यावं?"

पाहुणे गेल्यावर किरण आत्याच्या मागे स्वयंपाकघरात गेली. "आत्या, पोरगा मला पसंत हाय. पण माझं नाव तेवढं बदलू देऊ नको."

"येडी का काय! म्या ठेवलेलं नाव कोण बदलतंय? म्या बराबर बघते," नंदाबाई म्हणाली.

लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याच्या हातात अंगठी दिली. त्या अंगठीने तो तांदळात बायकोचं नवं नाव लिहिणार होता. तो भला मुलगा होता. म्हणाला, "किरणच लिव्हू का? चांगलंय की." बायका हसून लोटपोट झाल्या. "सोताचंच नाव लिव्हतो का रे!" त्याची आई दुर्गाबाई मात्र हसली नाही. तिने नंदाबाईकडे पाहिलं. नवरी किरणनेही पाहिलं.

नंदाबाईने पदर सारखा केला. "प्रतिभा लिव्हा," ती म्हणाली.

झालं! मला वाटलं, आता किरण काहीतरी बोलेल. पण तिने मान खाली घातली. गळ्यात हार असलेल्या मुलीने भरल्या मांडवात बोलायचं तरी काय? मी नवऱ्याकडे शाबूत होतो, तरी तिच्याकडून उपटला गेलो. ज्या तोंडातून मी तिच्या कानात गेलो, त्याच तोंडाने मला बाहेर काढलं. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्यानंतर ती माहेरी आली की जावयाच्या देखत आईही तिला प्रतिभा म्हणायची. हळूहळू जावई नसतानाही म्हणू लागली. बद्रीनाथ नुसतं "बाई" म्हणून वेळ मारून न्यायचा. तिला नवरा चांगला मिळाला, मुलं झाली. मला मात्र तिच्यासाठी कुणी जिभेवर घेतलं नाही.

काही वर्षांनी नंदाबाई तिला भेटायला घनसावंगीला आली. जीपमधून उतरली तर समोरच भाचीची पाठ दिसली. ती आत्याला घ्यायला आली होती आणि दुसऱ्याच जीपमध्ये शोधत होती. नंदाबाईला भरून आलं. आजूबाजूला सासरचं कुणी नव्हतं. तिने जोरात हाक मारली, "किरण! ए किरण!"

कॉलेजची एक मुलगी वळली. जीपवाला वळला. ती वळली नाही.

नंदाबाईने जवळ जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐकू न्हाई आलं का गं?"

"आलं की. मला वाटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाला हाक मारून राह्यल्या."

लग्नाआधी ती आत्याला 'तू' म्हणायची. नंदाबाई तिथेच पिशवीवर बसली आणि रडली. तिचं रडणं मी पाहिलं, पण मला दया आली नाही.

मित्रांनो, तुम्ही वह्या जपता, खेळणी जपता. नावंही जपा रे. आज घरी गेलात की आईला विचारा, लग्नाआधी तुझं नाव काय होतं? तिने सांगितलं की त्याच नावाने तिला एक हाक मारा. ती वळली नाही, तर पुन्हा मारा.