चमचा उभा राहणारी पेज

माझ्या सासूबाई, गोदाबाई, पेज शिजवतात ती चमचा उभा राहील अशी. पातळ पेज म्हणजे दरिद्री घर, हे त्यांचं शास्त्र. माझ्या मोहितला अजून धड दात नाहीत. तो लगदा बाहेर ढकलतो. अंगणवाडीच्या काट्यावर त्याचं वजन हलत नव्हतं आणि माझा जीव तुटत होता. पाणी वाढवावं, तर त्याचं पोट पाण्यानेच भरणार.

म्हणून मी गव्हाला मोड आणले, वाळवले, दळले. मोडात अमायलेज नावाचं एक प्रथिन असतं. तांदळातला स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्या. त्या पाणी धरून बसतात, म्हणून पेज घट्ट. अमायलेज घडी घालून बसलेलं असतं आणि त्या घडीत एक खाच असते. साखळी तिच्यात बसते आणि अडकित्त्यातल्या सुपारीसारखी तुटते. मग तेवढ्याच तांदळाची पेज वाहू लागते. पण फार तापवलं की घडी उलगडते आणि खाचच उरत नाही.

हे रजतला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं. तो बालाघाटच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. "हौ, माहीत आहे," म्हणाला आणि मोबाइलमध्ये मान घातली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ते पीठ कढईत लाल होईतो भाजलं.

"कच्चं पीठ लेकराले देतेत का वो? पोट दुखन त्याचं!"

ते घालूनही पेज अर्थातच ढिम्म. त्यांनी शेजारच्या लीलाबाईंना बोलावून दाखवली. "पाह्य, कुठं पातय झाली?"

"छोड ना यार, आईले वाईट वाटते," रजत म्हणाला. नाव मोठं, लक्षण खोटं! असल्या प्राध्यापकाची मला कीवसुद्धा आली नाही.

मी पुन्हा पीठ केलं आणि डबा माझ्या कपाटात कुलपात ठेवला. शिजलेली पेज बोटाला जेमतेम सोसेल इतकी निवू दिली, चमचाभर पीठ घातलं. ढवळता ढवळता चमचा आडवा झाला. पुन्हा एक उकळी देऊन, निववून मी मोठ्या तोऱ्यात मोहितला भरवायला बसले. त्याने तोंड फिरवलं. मी डोळे वटारले, तर रडायलाच लागला.

"रागानं भरवतेत का? आन इकडं!" सासूबाईंनी त्याला मांडीवर ओढलं. नाक मुरडत, चिऊकाऊ करत भरवलं. मोहितने वाटी चाटून पुसून साफ केली.

"अजून आहे का वो?" माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

मी पेजेचा गंज पुढे सरकवला. कपाटाची किल्ली मात्र कमरेलाच ठेवली.