सगीराआपांची भिंत

शाळा उघडायला महिना राहिला, की करुणाबाईंना घरात करमायचं नाही. सुटीला आलेली लेक म्हणायची, "आई, सुटी पोरांना हाय का तुला? बस की जरा." पण सकाळी सात वाजता, ऊन तापायच्या आत, त्यांची स्कूटी पुंडलिकनगरातून निघालेली असायची. चिकलठाण्याच्या पलीकडं जिल्हा परिषदेची शाळा होती. तिथला पहिलीचा वर्ग सव्वीस वर्षं त्यांच्याकडं होता. बस्कर पट्ट्या उन्हात टाकायच्या, मण्यांच्या माळा ओवायच्या, शब्दपट्ट्या नव्यानं लिहायच्या. हे सगळं जूनच्या आत व्हायलाच पाहिजे, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच ठरवलेलं होतं.

यंदा त्या गेल्या, तर खिचडी शिजवणाऱ्या आशाबाई किल्ली घेऊन पायरीवर बसलेल्या.

"बाई, आत जायच्या आधी एक सांगते. गवंड्यानं मागची भिंत सगळी नवी केली. पाणी मुरत व्हतं ना." आशाबाईंनी मान खाली घातली. "तुमचं झाड गेलं."

करुणाबाईंनी दार उघडलं. नव्या गिलाव्याचा ओला वास आला. समोरची भिंत पांढरी फटक होती.

त्या भिंतीवर वीस वर्षं आंब्याचं झाड होतं. पानापानावर एकेक अक्षर, कैऱ्यांवर आकडे, फांदीवर मान तिरकी करून बसलेला पोपट, बुंध्यापाशी खार. पहिल्या दिवशी रडणारं पोर त्या पोपटापुढं उभं केलं, की हुंदके देत का होईना, पण गप्प व्हायचं. त्या झाडाखाली शिकलेल्या पोरी आता आपल्या पोरांना शाळेत घालायला येत आणि आधी भिंतीकडं बघत.

झाड काढलेलं होतं सगीराआपांनी. सगीराआपा दुसरीच्या बाई. खोल्या कमी होत्या, म्हणून पहिली आणि दुसरी कैक वर्षं त्या एकाच खोलीत भरायची. मध्ये एक लोखंडी कपाट आडवं लावलेलं. अलीकडं करुणाबाईंचं 'अननसातला अ', पलीकडं आपांचे पाढे. मे महिन्यात दोघी मिळून वर्ग लावायच्या. खिडकीला ओलं पोतं बांधायचं, रेडिओ लावायचा, दहा वाजता आपांच्या डब्यातलं टरबूज खायचं. उन्हाळ्यात शाळेची खोली अशी गार असते, हे त्या दोघींनाच ठाऊक होतं. भिंतीला चुना मारला, की झाड पुन्हा काढावं लागे. तेव्हा मात्र आपा करुणाबाईंना बाहेर काढत.

"तू जा, पट्ट्या झटक. रेघ मारताना कुनी बगितलं की माझा हात चुकतो."

तासाभरानं दार उघडायचं, तर भिंतीवर झाड तयार असायचं. नुसत्या रेघा, पण पोपट जिवंत. मग दोघी रंग भरायच्या. एवढं देखणं चित्र एका तासात कसं निघतं, याचं करुणाबाईंना दर वेळी नवल वाटायचं.

आपांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत करुणाबाई त्यांच्या घरी एकदाही गेल्या नव्हत्या. ईदला फोन, दिवाळीला फोन, बास. लेकीचं बाळंतपण, घराचं काम अशी कारणं होती, पण खरं कारण वेगळंच होतं. ते चौदा वर्षं मनात रुतून बसलेलं होतं.

त्या पांढऱ्या भिंतीपुढं करुणाबाईंनी खडू हातात घेतला आणि पोपट काढून पाहिला. कोंबडी झाली. पुसून पुन्हा काढला. आशाबाई दारातून म्हणाल्या, "बदक छान काढलं की वो."

तेव्हा त्यांनी खडू ठेवला आणि स्कूटी रोशन गेटकडं, आपांच्या घराच्या दिशेनं वळवली.

दार आपांच्या सुनेनं, आमरीननं उघडलं. आत पलंगावर आपा बसलेल्या. केस सगळे पांढरे झाले होते.

"करुणा? रस्ता चुकली काय गं?"

"चुकले होते, आपा. आज सापडला."

आपा हसल्या. आमरीननं चहा आणला. आपांनी कप उचलला आणि बशीवर त्याची किणकिण सुरू झाली. थांबेचना. चहा हिंदकळून ओढणीवर सांडला. आमरीननं मुकाट्यानं कप धरून त्यांच्या ओठाला लावला.

"कंपवात म्हनतात डॉक्टर," आपा म्हणाल्या. "वर्ष झालं. तुला फोनवर काय सांगायचं."

करुणाबाई ज्या कामाला आल्या होत्या, ते त्यांच्या तोंडून निघेना. भिंतीचं कसं सांगायचं या बाईला? पण गप्प बसवेना आणि भलतंच तोंडून गेलं.

"आपा, ते बक्षीस आठवतं का? आदर्श वर्गाचं?"

"आठवतंय की."

"तुम्ही तेव्हा रजेवर होता. अब्बांना बरं नव्हतं. तपासणीला साहेब आले, भिंतीकडं बघत राहिले. मला विचारलं, हे तुम्ही काढलं का? मी..." करुणाबाईंनी कप खाली ठेवला. "मी हो म्हणाले. तोंडातून निघून गेलं. मग सगळ्यांसमोर नाव माझं घेतलं, शाल मला घातली. तुम्ही परत आल्यावर म्हणालात, अच्छा हुआ. त्याच्यावर कधी एक अक्षर बोलला नाहीत. मला तोंड दाखवायची लाज वाटते, आपा. चौदा वर्षं झाली."

आपांचा उजवा हात मांडीवर आपला आपण हलत होता. तो त्यांनी डाव्या हातानं दाबून धरला.

"वाईट तर वाटलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "झूठ कशाला बोलू. दोन दिवस जेवन गोड लागलं नाय. पन मी भांडू तरी कोन्या तोंडानं?" मग त्यांनी सुनेला हाक मारली. "आमरीन, वो पलंग के नीचे की पेटी निकाल."

पत्र्याच्या पेटीत जुन्या साड्यांखाली खाकी कागदांची जाड गुंडाळी होती. आमरीननं ती फरशीवर उलगडली. कागदावर शाई नव्हती, नुसती सुईची भोकं होती, हजारो. आमरीननं कागद उजेडापुढं धरला, तर त्या भोकांमधून पोपट दिसला. मान तिरकी केलेला.

करुणाबाईंनी भोकांवरून बोट फिरवलं.

"अब्बा हिमरूचे कारीगर, मागावर शाली विणायचे. हबीब उस्ताद म्हनायचे त्यांना," आपा म्हणाल्या. "शालीचा नक्शा कागदावर काढायचे, सुईनं टोचायचे. मी या शाळेत आले तेव्हा म्हनले, अब्बा, पोरांसाठी झाड पायजे. त्यांनी आठ दिवस बसून हे केलं. कागद भिंतीला लावायचा, निळीची पुरचुंडी वरून आपटायची, ठिपके उमटले की जोडायचे. मला कुठं चित्र येत होतं, करुणा? म्हनून तर तुला बाहेर काढायचे."

"आणि मी दर वेळी म्हणायचे, आपा, तुमचा हात काय सुरेख!"

"मी पन ऐकून घ्यायचे ना! खरं सांगायचं राहूनच गेलं. अब्बा एकदा शाळेत आले, झाड बगितलं, नि मुख्याध्यापकांना काय म्हनले माहितीय? माझ्या लेकीनं काढलं." आपांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्यांना हसूही फुटलं. "शाल तुला चुकीची मिळाली, खरं हाय. पन माझ्या अंगावर पडली असती तरी चुकीचीच होती."

दोघी एकमेकींकडं बघून हसत सुटल्या. हसता हसता करुणाबाई पदरानं डोळे पुसत राहिल्या. आमरीनला काही कळेना, तीही हसायला लागली. मग कुठं करुणाबाईंनी पांढऱ्या भिंतीचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमरीन आपांना रिक्षानं शाळेत घेऊन आली. आशाबाईंनी न सांगता खिडकीला ओलं पोतं बांधलं. आपा खुर्चीवर बसल्या आणि हुकूम सोडू लागल्या.

"वर घे. अजून वर. पोरांची मान वर गेली पायजे. आता पुरचुंडी आपट. पुसू नको गं, आपट!"

करुणाबाई स्टुलावर, आशाबाई कागद धरून, आमरीन खाली निळीनं माखलेली. कागद काढला तेव्हा भिंतीवर निळ्या ठिपक्यांचं झाड उभं होतं. आपा कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिल्या. रेडिओ नव्हता, म्हणून आमरीननं मोबाइलवर जुनी गाणी लावली. दहा वाजता टरबूज कापलं. करुणाबाईंनी एक फोड आपांच्या तोंडापुढं धरली, आपांनी ती लहान पोरासारखी खाल्ली, आणि आपण दुसऱ्याच्या हातानं खातोय याचा संकोच त्यांच्या चेहऱ्यावर करुणाबाईंना दिसला नाही.

रंग भरायला चार दिवस लागले. आपा चारही दिवस आल्या. शेवटच्या दिवशी करुणाबाईंनी बारीक ब्रश घेतला आणि बुंध्यापाशी, खारीच्या शेपटीखाली, लिहिलं, 'नक्शा: हबीब उस्ताद'. लिहिताना त्यांनी विचारलं नाही. आपांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "उस्तादमधला 'स्त' नीट काढ. पोरं वाचनार हायेत."

सोळा जूनला शाळा भरली. फुगे, फुलं, रडारड. एक मुलगी आईचा पदर सोडेना. करुणाबाईंनी तिला कडेवर घेऊन भिंतीपाशी नेलं. तिनं रडं आवरून पोपटाच्या चोचीवर बोट ठेवलं.

"हे कुनी काढलं?"

करुणाबाईंनी तिला खाली बसवलं, स्वतःही तिच्याशेजारी बस्कर पट्टीवर बसल्या आणि सांगायला लागल्या.