तिसरी कुंडी

"सांग बरं, तिसऱ्या कुंडीतल्या मिरचीचा रंग कसा आला?" यशवंतरावांनी विचारलं.

क्षमा कुंडीपाशी उकिडवी बसली. "शेंदरी. देठापाशी अजून हिरवट आहे, काका."

"अन् अंग?"

"नुसत्या सुरकुत्या. बाकी गुळगुळीत."

"मंग तो राजा. भुताच्या अंगावर पुरळ असते, घामोळं आल्यावानी. ध्यानात ठेव, पोरी."

चहाचे कप घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या शांताबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. अडतीस वर्षांच्या संसारात या माणसानं त्यांना 'सांग बरं' असं एकदाही म्हटलं नव्हतं. भाजी कशी झाली हेदेखील ते सांगत नसत. ताट रिकामं झालं की चांगली झाली, एवढंच शांताबाईंनी समजून घ्यायचं.

यशवंतराव रायपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होते तेव्हा आसामकडून बदलून आलेल्या एका गार्डानं त्यांना बियांच्या दोन पुड्या दिल्या होत्या. एक भूत मिरची, एक राजा मिरची. दोघी सख्ख्या बहिणी शोभतील अशा, आणि तिखटपणात दोघींनाही दयामाया नव्हती. नखाएवढा तुकडा वरणात पडला तर सगळं घर पाणी पाणी करत फिरायचं. निवृत्त झाल्यावर बुढापारा मोहल्ल्यातल्या घराच्या गच्चीवर पाण्याच्या पाइपापासून ओळीनं सात कुंड्या मांडल्या गेल्या. तिसरीत राजा, पाचवीत भूत, बाकीच्यांत इकडचीच गावरान मिरची. गच्ची झाडताना कुंडी इंचभरही हलवायची नाही असा हुकूम होता. मिरचीला उघडा हात लावायचा नाही, कात्रीनं कापायची आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत झेलायची, हा दुसरा हुकूम. राजा कोणता आणि भूत कोणतं हे पाहुण्यारावळ्यांना ओळखायला लावायचं आणि ते चुकले की मिशीत हसायचं, हा यशवंतरावांचा म्हातारपणचा एकुलता एक शौक होता.

"मले शिकवा न," शांताबाई एकदा म्हणाल्या होत्या.

"तुले काय करायचं त्याचं? तू आपली फोडणी पाहा."

मग वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, नवी खाती उघडली, आणि अकोल्याहून शेतकी शिकून आलेली ही क्षमा एका खात्यात नोकरीला लागून वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आली. पोरगी गुणाची होती, शांताबाईंना आवडलीही होती. पण वर्षभरापासून यशवंतराव रोज संध्याकाळी तिला हाक मारून गच्चीवर नेत. फुलं किती आली, पान वाकडं आहे का सरळ, रंग कुठवर चढला, सगळं तिच्याकडून वदवून घेत. शाळेतल्या मास्तरासारखे. शांताबाई खाली कणीक मळत वरचं बोलणं ऐकत आणि कणकेवर राग काढत. साठीला आलेल्या बाईनं तिशीच्या पोरीचा मत्सर करावा याची त्यांना लाज वाटे. मत्सर काही त्यामुळे कमी होत नसे.

म्हणून त्यांनी चोरून शिकायला घेतलं. यशवंतराव सकाळी तलावाकडे फिरायला गेले की चष्मा लावून त्या गच्चीवर जात. अलीकडे यशवंतराव काठी घेऊन जात आणि कोपऱ्यावरच्या देवळापासूनच परतत, त्यामुळे वेळ थोडा मिळे. शिवणाची सुई मिरचीत टोचायची आणि टोक जिभेला लावायचं. पहिले आठ दिवस नुसतं रडण्यात गेले. मग हळूहळू उमगलं, की राजा जिभेच्या शेंड्यावरच कडाडतो, आणि भूत आधी गप्प राहतं, दहा आकडे मोजून होतात तेव्हा घशात उतरून छळतं. पुढे सुईचीही गरज उरली नाही. चार हातांवरून बघून त्या मनातल्या मनात म्हणत, हा राजा, हे भूत. कुणाला सांगायची मात्र सोय नव्हती.

ऑक्टोबर संपत आला तशी क्षमा बातमी घेऊन आली. राज्योत्सवात, म्हणजे राज्याच्या वाढदिवसाच्या जत्रेत, तिच्या खात्याचा स्टॉल लागणार होता आणि तिथे काकांच्या मिरच्या नावानिशी मांडायच्या होत्या. रविवारी सकाळी तिच्या साहेबबाई बघायला येणार होत्या.

रविवारी यशवंतराव आंघोळीला गेले आणि शांताबाईंनी गच्चीवर जाऊन तिसरी आणि पाचवी कुंडी अदलाबदल करून ठेवली. त्यांचा बेत सरळ होता. यशवंतराव वर येणार, एका नजरेत ओळखणार आणि गरजणार, "कोणं हलवली?" मग त्या पोरीसमोर, त्या साहेबबाईसमोर पुढे होऊन म्हणायचं, मी हलवली, अन् मलेही ओळखता येते. यशवंतरावांचं तोंड कसं होईल ते बघायचं होतं. एवढ्यासाठीच त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

यशवंतराव आले. कुंड्यांकडे तोंड करून उभे राहिले.

"बताइए दादाजी, राजा कौन सी है?" साहेबबाईंनी विचारलं.

"अभी देता हूँ," म्हणत ते पाइपापाशी गेले. डावा हात कुंड्यांच्या काठांवरून सरकला. एक, दोन, तीन. तिसऱ्या काठावर हात थांबला, उजव्या हातातली कात्री चाचपडत देठापर्यंत गेली. "ये लीजिए. राजा."

क्षमानं पिशवीत पडलेली मिरची पाहिली. ती चाचरली. "काका... हिच्या अंगावर पुरळ आहे."

कात्री जागच्या जागी थांबली. यशवंतराव वळले नाहीत. त्यांची मान थोडी खाली गेली, आणि मोकळा हात पुन्हा पाइप शोधू लागला, पहिल्यापासून मोजण्यासाठी.

शांताबाईंना एकेक आठवत गेलं. काठी. देवळापासून परत येणं. 'चष्म्याचा नंबर बदलला' म्हणून पेपर त्यांच्याकडून वाचून घेणं. पेन्शनच्या कामाला म्हणून एकट्यानंच नागपूरला जाऊन येणं, आणि परत आल्यावर दोन दिवस अबोला. सांग बरं, रंग कसा आला. मास्तरकी नव्हती ती. या माणसानं परक्या पोरीचे डोळे उसने घेतले होते, बायकोला कळू नये म्हणून.

"माझीच चूक झाली जी," शांताबाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "सकाळी झाडता झाडता मीच कुंड्या इकडच्या तिकडे केल्या. यायले सांगाचं राहून गेलं. राजा पाचवीत आहे, क्षमा. तो तोड."

"काकू, तुम्हालाही ओळखता येतं?" क्षमा थक्क झाली.

वर्षभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो हा असा आला. शांताबाईंना त्याचं काहीच वाटलं नाही.

"यायनंच शिकवलं," त्या म्हणाल्या.

यशवंतरावांनी तोंड त्यांच्या दिशेनं वळवलं, पण ते थोडं चुकलं. ते त्यांच्या खांद्यापलीकडच्या भिंतीशी बोलले. "हव. तिले सगळं येते."

मिरच्या घेऊन मंडळी गेली. यशवंतराव गच्चीवरच्या स्टुलावर बसून राहिले. शांताबाईंनी पदर खोचून दोन्ही कुंड्या ओढत ओढत पहिल्या जागी आणल्या.

मग त्या खाली गेल्या आणि सुतळी घेऊन आल्या. तिसऱ्या कुंडीच्या काठाखाली सुतळी गुंडाळून एक गाठ मारली. पाचवीला दोन गाठी मारल्या.

"काय करून राहिली?" यशवंतरावांनी विचारलं.

"काही नाही. या इकडे."

ते आले. शांताबाईंनी त्यांचा हात धरून सुतळीवर ठेवला. यशवंतरावांचं बोट सरकत सरकत गाठीपाशी आलं आणि तिथेच राहिलं.

गाठ चाचपत ते म्हणाले, "सांग बरं, रंग कसा आला?"

शांताबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि खाली वाकल्या.