बाद फुंकरा

माझं काम लोकांना फुंकायला लावणं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत मी चौदा वर्षं तेच केलं. समोरच्याच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात पुठ्ठ्याची नळी द्यायची आणि म्हणायचं, छाती भरून श्वास घ्या आणि सगळा बाहेर टाका. आसपास राहणारी सहाशे माणसं, प्रत्येकाची पाळी वर्षातून एकदा. वयाबरोबर कुणाचा श्वास किती लवकर कमी होतो ते आम्हाला शोधायचं होतं. लोक मला फुंकमास्तर म्हणत. बाजारात दिसलो तरी गाल फुगवून दाखवत. मला राग यायचा, पण राग यायला मला तसंही फारसं काही लागत नाही.

गेल्या महिन्यात महाविद्यालयाच्या संशोधन समितीने आमचा निधी थांबवला. समितीचे प्रमुख आमच्या खोलीत स्वतः आले होते. त्यांना सगळं महाविद्यालय बेरीजबुवा म्हणतं, कारण कुठल्या विभागातून किती लेख निघाले याची बेरीज ते डोळ्यांत तेल घालून करतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेवर ते फार खूश. तिथे एका उंदराच्या शेपटीवर एक लेख होतो, कानावर दुसरा, आणि उंदीर मेला की तिसरा.

"चौदा वर्षांत सहा लेख," बुवा मॅडमना म्हणाले. मॅडम म्हणजे आमच्या प्राध्यापक. अभ्यास त्यांचा, खोली त्यांची, आणि मीही त्यांचाच म्हणायला हरकत नाही. "जरा कमीच नाही का वाटत?"

"माणसं वर्षाला एकच वर्षाने म्हातारी होतात," मॅडम म्हणाल्या. "मला त्यांना घाई करता येत नाही."

बुवा हसले आणि सही करून गेले. मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि मला आवराआवरीची यादी सांगायला घेतली. यंत्र भांडारात, खुर्च्या ग्रंथालयात. उरल्या फुंकरा. संगणकात त्यांचे दोन ढीग होते. प्रत्येकाकडून तीन चांगल्या फुंकरा मिळेपर्यंत मी त्याला फुंकायला लावायचो. त्या तीन विद्यापीठाच्या कायमच्या साठ्यात जाणार होत्या. बाकीच्या बाद. कुणी मध्येच खोकलं, कुणाचे ओठ नळीवर नीट बसले नाहीत, कुणाला हसू फुटलं, की फुंकर बाद. साठ्यात त्यांना जागा नव्हती.

"शुक्रवारी बाद ढीग पुसून टाका," मॅडम म्हणाल्या.

मी हो म्हणालो आणि जिन्यात जाऊन बसलो. माझी बायको त्या ढिगात होती.

तिला जाऊन तीन वर्षं झाली. अभ्यासात ती पहिल्या वर्षापासून होती, माझ्याच भुणभुणीला कंटाळून आलेली. नातेवाइकाची तपासणी दुसऱ्या तंत्रज्ञाने करावी असा नियम होता, पण दुसऱ्या तंत्रज्ञाच्या जागेला निधी शेवटपर्यंत मिळाला नाही, तेव्हा तिच्याही समोर मीच बसायचो. आणि मला सूचना कार्डावरून वाचून दाखवाव्या लागायच्या, सहाशे जणांना त्याच शब्दांत, त्याच सुरात. कुणाला जास्त लाडीगोडी, कुणाला कमी, असं झालं तर फुंकरीत फरक पडतो.

"नमस्कार," मी वाचायचो. "आपण आलात याबद्दल आभार. आपलं वय सांगाल का?"

"अहो, तुम्हाला माहीत नाही?"

"कृपया वय सांगा."

"सकाळी डबा देताना तर 'ए, माझे मोजे कुठे आहेत' म्हणून ओरडत होतात. आता आपण काय, आलात काय."

मग ती नळी तोंडात धरायची, मी गंभीर चेहऱ्याने "पूर्ण श्वास घ्या" म्हणायचो, आणि अर्ध्या फुंकरीत तिला हसू फुटायचं. नळीतून भस्सकन आवाज यायचा. पडद्यावरच्या रेघेला दाते पडायचे आणि लाल दिवा लागायचा. दर वर्षी तिच्या चार-पाच फुंकरा तरी बाद व्हायच्या. बाहेर बाकावर लोक खोळंबलेले आणि आत ही पोट धरून हसतेय. मी चिडायचो. घरी गेल्यावरही चिडलेला असायचो. "तुला नीट फुंकता येत नाही का? लहान मुलंसुद्धा फुंकतात." ती म्हणायची, "लहान मुलांचं लग्न तुमच्याशी झालेलं नसतं."

तिचे फोटो आहेत घरी, पण सगळे तोंड मिटून काढलेले. फोटो काढताना ती कशी कोण जाणे एकदम शहाण्यासारखी उभी राहायची. तिचं हसू कुठेच नाही. मला ते हवं होतं. तीन वर्षांत मी हे कुणाला बोललो नाही, मुलीलाही नाही, पण त्या जिन्यात बसून मला ते फार हवंसं झालं. ती दात्यांची रेघ म्हणजे तिचं हसूच, सेकंदासेकंदाने मोजलेलं, आणि शुक्रवारी मी ते माझ्याच हाताने पुसणार होतो.

अडचण एवढीच होती की फुंकरांवर नावं नव्हती. फक्त क्रमांक. ही गोष्ट मी सहाशे जणांना छातीवर हात ठेवून सांगितली होती, तुमचं नाव कुणालाही कळणार नाही, मलासुद्धा नाही. नाव आणि क्रमांक जुळवणारी वही मॅडमच्या कुलपातल्या कपाटात. ती पाहायची तर एक अर्ज होता. स्वयंसेवक हयात नसल्यास जवळच्या नातेवाइकाने करावयाचा. अर्ज माझ्याच टेबलाच्या खणात पडून असायचा, चौदा वर्षांत तो कुणी मागितला नव्हता.

मी तो भरला. नातं, पती. माहिती मागण्याचं कारण, या रकान्यापाशी अडलो. 'वैयक्तिक' लिहिलं आणि खोडलं. शेवटी 'तिच्या बाद फुंकरा पाहायच्या आहेत' असं लिहिलं आणि गुरुवारी दुपारी अर्ज मॅडमच्या टेबलावर ठेवला.

मॅडमनी वाचलं. किल्ली काढली, कपाट उघडलं, वहीतल्या नावांवरून बोट खाली खाली नेलं आणि थांबवलं. मग तीच ओळ बोटाने पुन्हा एकदा वाचली.

"सापडलं नाही का?" मी विचारलं.

"सापडलं." त्या वही मिटून खुर्चीवर बसल्या. "दोनशे चौदा."

क्रमांक ऐकला आणि मलाही कळलं. गेल्या वर्षी मॅडमना सहाशेतली एकोणीस माणसं सापडली होती, ज्यांचा श्वास वर्षानुवर्षं ठीक असून अचानक घसरला होता. कुठल्याही त्रासाची तक्रार करायच्या आधी. आमचा सहावा लेख त्या एकोणिसांवर होता. ज्या दिवशी ते सापडले त्या दिवशी मॅडम धावत माझ्या खोलीत आल्या होत्या, आणि मी खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा आणला होता. लेखात एक आकृती आहे. एकोणीस रेघा खाली उतरतात, आणि त्यातली सगळ्यांत स्पष्ट, सगळ्यांत सरळ उतरणारी म्हणून जी ठळक काळ्या रंगात छापलीय, तिच्या टोकाला लिहिलंय २१४. मी त्या रेघेचं कौतुक केलं होतं. काय सुंदर आलीय, असं म्हणालो होतो.

"मला माहीत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "देवाशपथ."

"कसं असणार? तसा नियमच आहे."

त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला आणि दोनशे चौदा उघडून दिला.

पहिलं वर्ष. बाद, पाच. पाचही रेघांना दाते. एकीत ती सुरुवातीलाच हसली होती, एकीत जवळजवळ शेवटपर्यंत दम धरून मग. तिसऱ्या वर्षी सात बाद. त्या वर्षी माझ्या नाकावर शाई लागली होती आणि तिने ते मला सांगितलं नव्हतं. मी एकेक रेघ पाहत गेलो आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या दात्यांवर मला हसू आलं. मॅडमही बघत होत्या. "फार हसायच्या," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "मला वैताग यायचा."

नऊ वर्षं पाहून झाली. मी दहावं उघडलं. तिचं शेवटचं.

बाद, शून्य.

तीन फुंकरा, तिन्ही पहिल्या झटक्यात हिरव्या. एकही दाता नाही. मला तो दिवस आठवला. ती आली, बसली, वय विचारल्यावर मुकाट्याने वय सांगितलं. तीनदा फुंकली. मी खूश झालो होतो. "आली एकदाची अक्कल," असं कार्डावर नसलेलं वाक्यही बोललो होतो. ती नळी हातात धरून थोडा वेळ बसून राहिली आणि म्हणाली, "नीट झालं ना? तुमच्या यंत्राला खरं काय ते कळलं ना?" मी म्हणालो, "उत्तम. आता उठ, बाहेर लोक थांबलेत."

माझ्या पडद्यावर आकडे दिसत नसत. तंत्रज्ञाने आकडा पाहून कुणाची कीव करू नये, कुणाला जास्त ताणू नये, म्हणून ते झाकलेले असत. रेघही पडदाभर ताणून दाखवली जायची, श्वास मोठा असो की एवढासा. मला फक्त एवढंच कळायचं की फुंकर नीट झाली की नाही. मॅडमच्या संगणकावर मात्र दहाही वर्षं एका मापात होती. नऊ वर्षं डोंगर आणि दहाव्या वर्षी उंबरठ्याएवढी उंची.

त्याच्याखाली एक ओळ होती. 'पत्र रवाना', आणि तारीख. आकडा फार खाली आला की तपासून घ्या असं पत्र रुग्णालयातून थेट त्या माणसाला जायचं, आमच्या खोलीला पत्ता न लागता. तारीख तपासणीनंतरच्या दहाव्या दिवसाची होती. तिने मला छातीच्या आजाराचं सांगितलं ते त्यानंतर सात महिन्यांनी. "खोकला जात नव्हता म्हणून दाखवून आले," असं म्हणाली होती. तोवर ती जिन्यात थांबायची तेव्हा गुडघे दुखतात म्हणायची, आणि मी तिला वजन कमी कर म्हणायचो.

सात महिने ती माझ्या शेजारी झोपून श्वास पुरवून पुरवून घेत होती. आणि श्वास मोजण्याचा पगार मी घेत होतो.

तिला आधीच शंका आली असणार. म्हणूनच ती त्या दिवशी हसली नाही. तिला खरा आकडा हवा होता आणि तो मिळवायचा तर हसून चालणार नव्हतं, हे तिला माझ्याइतकंच माहीत झालं होतं. नऊ वर्षं मीच तर ओरडत होतो. मी तिच्यासमोर हातभर अंतरावर बसलो होतो आणि पडद्याकडे बघत होतो. त्या दिवशी तिचा चेहरा कसा होता ते मला आठवत नाही. कितीही आठवलं तरी हिरवा दिवाच आठवतो.

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग अर्ज उचलून त्याच्या दुसऱ्या पानावर बोट ठेवलं.

"इथे एक चौकोन आहे," त्या म्हणाल्या. "नातेवाइकाची इच्छा असेल तर माहिती अभ्यासातून काढून घेता येते. लेखातूनही. मी दुरुस्ती छापायला पाठवीन."

"मग अठरा राहतील."

"राहू द्या ना अठरा. आता कुणाची बेरीज सांभाळायचीय?"

मी त्या ठळक रेघेचा विचार केला. एकोणिसांतली सगळ्यांत स्पष्ट. उगाच नव्हती ती तशी आली. हसरी बाई मन मारून, ओठ घट्ट मिटून, तीनदा तळापासून फुंकली होती म्हणून आली होती.

"नको," मी म्हणालो. "तिने फार नीट केलंय ते. राहू द्या."

मॅडमनी चौकोन रिकामा ठेवून अर्जावर सही केली. नऊ वर्षांच्या बाद फुंकरा एका कागदावर छापून आणते म्हणाल्या आणि यंत्र कॉरिडॉरच्या टोकाला आहे म्हणून बाहेर गेल्या. छपाईचं यंत्र खरं तर त्यांच्या टेबलाच्या बाजूलाच आहे.

मी दहावं वर्ष परत उघडलं. रेघ गुळगुळीत होती, जशी आम्ही शिकाऊ लोकांना नमुना म्हणून दाखवतो तशी. मी तिच्यावर बोट ठेवलं, सुरुवातीपासून टोकापर्यंत नेलं, आणि परत सुरुवातीला आणलं.

"हस गं," मी म्हणालो. "बाद झाली तर होऊ दे."