नवापूरची नवी डिश

प्रफुल्लचा बोईसरमध्ये इंटरनेटचा छोटासा धंदा होता. आधी केबल टीव्ही, मग नेट. स्टेशनजवळच्या एका इमारतीच्या गच्चीवर त्याची डिश समुद्राकाठच्या नवापूर गावाकडे तोंड करून बसवलेली, आणि तिची जोडीदार तिकडे पुष्पलताकाकींच्या घराच्या स्लॅबवर, उंच लोखंडी खांबावर. त्या दोघींच्या भरवशावर किनाऱ्यालगतच्या सगळ्या आळीचं नेट चालायचं.

खाऱ्या वाऱ्यानं नवापूरची डिश पार गंजली होती. जास्त ताकदीची नवी जोडी दुकानात येऊन पडली होती, पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर प्रफुल्लला खांबावर चढवत नव्हतं. आणि मुलीला, पूर्वीला, तो चढू देत नव्हता. ती डिप्लोमा करून त्याच्याच हाताखाली तयार झाली होती, तरीही.

शनिवारी सकाळी जुनी डिश बंदच पडली. लगेच काकींचा फोन आला.

"प्रफुल्लभाऊ, नेट नाय आमच्याकडं. आज दर्पण फोन करनार हाय. सांजेला त्याचं जहाज बंदर सोडनार, मंग किती दिस पत्ता नाय त्याचा. पोरीचं तोंड पन बघलं नाय त्यानं अजून."

दर्पण त्यांचा मुलगा, मालवाहू जहाजावर कामाला. तो समुद्रावर असतानाच त्याची बायको कीर्ती बाळंत झाली होती. काकींच्या घरात मोबाइलची रेंज बोलण्यापुरतीच यायची, व्हिडिओचं नावच नको.

पूर्वीनं सेफ्टी बेल्ट खांद्यावर टाकला. "पप्पा, इकडची डिश तुम्ही बदला. मी नवापूरला निघते."

प्रफुल्लनं बेल्टचे हुक ओढून पाहिले. मग म्हणाला, "दोन्ही हुक अडकवल्याशिवाय हात सोडायचा नाही."

गंजलेले बोल्ट काढण्यातच दुपार झाली. नवी डिश खांबावर चढली तेव्हा पूर्वीचे दंड भरून आले होते. कानात इअरफोन घालून ती डिश हळूहळू फिरवू लागली. बोईसरच्या गच्चीवर प्रफुल्ल लॅपटॉपवर सिग्नल बघत होता.

"जरा डावीकडे... आणखी... थांब, आलं!"

खालून कीर्ती ओरडली, "नेट आलं!" आणि पाठोपाठ, "पण अडकतंय गं."

"पप्पा, किती दाखवतंय?"

"पाहिजे त्याच्या निम्मं. चालेल. घट्ट कर आणि उतर, वारा वाढलाय."

पूर्वीचा हात बोल्टवरच राहिला. डिशमधून सुटणाऱ्या सिग्नलच्या मुख्य झोताच्या आजूबाजूला बारीक, कमजोर झोतही असतात. त्यातलाच एखादा लागला असणार. तो धरून बसलं तर थोडा वारा आला तरी लिंक तुटणार.

"पप्पा, ही खरी जागा नाही. मी पुढे फिरवते."

"आणि आहे तेही गेलं तर? त्यांचा पोरगा आता फोन करेल."

पूर्वीनं खाली पाहिलं. बाळाला खांद्यावर घेऊन काकी मान वर करून उभ्या होत्या.

"काकी, नेट आलंय, पण अर्धवट. नीट करायचं तर परत बंद करावं लागेल. आज पुरता सिग्नल सापडेलच असं नाही सांगत."

काकींनी कीर्तीकडे पाहिलं. कीर्तीनं होकारार्थी मान हलवली.

"कर," काकी म्हणाल्या. "पन सांबाळून गं पोरी."

पूर्वीनं डिश ढकलली. होता तो सिग्नल गेला. फोनमध्ये नुसता वाऱ्याचा आवाज. आपण चूक तर केली नाही ना? तिनं डिश आणखी किंचित पुढे नेली.

"आलं थोडं," प्रफुल्ल हळूच म्हणाला. "वाढतंय... अगं, वाढतंय... पूर्वी, हलू नको! मगाच्या दुपटीच्या वर गेलं!"

तिनं एकेक बोल्ट आवळला, दोनदा तपासला आणि खाली उतरली.

उन्हं कलताना दर्पणचा फोन आला. चित्र लख्ख होतं. बाळ झोपलेलं. काकी तिला हलवून उठवायला लागल्या तसा दर्पण म्हणाला, "आई, नको उठवू. ऱ्हाऊ दे. अशीच बघतो." आणि तो नुसता बघत राहिला. कीर्ती फोन धरून बसली; हात अवघडला तरी तिनं तो खाली घेतला नाही.

काकींनी पूर्वीला तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही.

ती बोईसरला पोचली तेव्हा प्रफुल्ल दुकानाच्या पायरीवर बसला होता. त्यानं तिच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं आणि आतून मलम आणून दिलं.

"चिंचणी गावातली डिशही बदलायला हवी," तो म्हणाला. "सोमवारी जाशील?"

"जाईन. पण हा बेल्ट मला फार ढिला होतो."

"उद्या तुझ्या मापाचा घेऊ," प्रफुल्ल म्हणाला आणि शटर ओढायला उठला.